राजवाडा बघायला गेलं की नक्की काय बघायचं? बारामती-इंदापुरातल्या रिकाम्या खोल्यांपासून कोल्हापूरच्या दरबार हॉलपर्यंत

मे महिन्याची सुट्टी लागली की राजवाड्यांचे रील सुरू होतात. झुंबर, गालिचा, सिंहासन, खिडकीत उभं राहून काढलेला फोटो. कोल्हापूरचा न्यू पॅलेस, बडोद्याचा लक्ष्मीविलास, म्हैसूर, उदयपूर, सगळीकडचे. मग बारामती-इंदापूरकडचा कुणीतरी कमेंटमध्ये विचारतो, आपल्याकडं असं काय आहे?

तर आपल्याकडं वास्तू आहेत. बारामतीत कऱ्हा नदीच्या काठावर बाबूजी नाईकांचा तटबंदीचा वाडा आहे. इंदापुरात मालोजीराजे भोसल्यांची गढी आहे. सुप्याचं नाव तर थेट शहाजीराजांच्या जहागिरीत येतं. पण या ठिकाणी गेल्यावर झुंबरं दिसत नाहीत, तलवारी दिसत नाहीत, राजाचा पलंग दिसत नाही. भिंती, बुरूज, दरवाजा आणि आतला मोकळा चौक एवढंच बघायला मिळतं. पोरं पाच मिनिटांत बाहेर येतात आणि म्हणतात, "आत काहीच नाही."

आत काही का नाही, आणि कोल्हापुरात सगळं कसं काय राहिलं, या प्रश्नाचं उत्तर कळलं तर दोन्हीकडं बघण्यासारखं बरंच सापडतं.

आधी शब्द नीट लावून घेऊ

सोशल मीडियावर गढी, वाडा आणि राजवाडा हे तिन्ही शब्द एकाच अर्थानं फिरतात. पण ते वेगळे आहेत.

गढी म्हणजे गावातला छोटा किल्ला. देशमुख, पाटील, जहागीरदार यांचं राहायचं ठिकाण, आणि हल्ला झाला तर गावानं आत शिरायचं ठिकाणही तेच. खाली दगड आणि वर बऱ्याचदा पांढरीच्या मातीच्या जाड भिंती. काळी म्हणजे शेतजमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा, हे आपल्या गावगाड्यातले जुने शब्द. ही पांढरीची माती धाब्याच्या घरावर टाकायला एकदम उत्तम. त्यामुळं अनेक गावांत गढी ओस पडल्यावर लोकांनी तिची माती पाट्या भरभरून घरी नेली. शत्रूच्या तोफेनं जे झालं नाही ते गावच्या पावसाळ्यानं केलं.

वाडा म्हणजे चौकाभोवती बांधलेलं मोठं घर. दिंडी दरवाजा, देवडी, सोपा, माजघर, देवघर, माडी. सावकाराचा असो की सरदाराचा, आराखडा साधारण हाच. मोठ्या वाड्याला दोन, तीन, सात असे चौक. वाड्याला तट-बुरूज घातले की त्याला भुईकोट म्हणायलाही लोक कमी करत नाहीत. बारामतीच्या वाड्याचं तसंच झालं आहे.

राजवाडा मात्र राजाचा. आपल्याकडं आज जे राजवाडे दिमाखात उभे दिसतात त्यातले बरेचसे शिवकाळातले किंवा पेशवाईतले नाहीत, ते एकोणिसाव्या शतकातले आहेत. म्हणजे इंग्रजांच्या काळात टिकलेल्या संस्थानांचे. सगळा फरक इथूनच सुरू होतो.

बाबूजी नाईक : पेशव्यांचे सावकार आणि सोयरे

बारामतीचे नाईक हे मूळचे जोशी. धंदा सावकारीचा. पहिल्या बाजीराव पेशव्यांना मोहिमांसाठी पैसा लागायचा आणि तो ज्यांच्याकडून यायचा त्यांत बारामतीकर नाईक होते. नातंही जुळलेलं होतं. बाजीरावांची बहीण भिऊबाई ही बाबूजींचे भाऊ आबाजी नाईक यांना दिलेली.

१७४० साली बाजीराव गेले. पेशवेपद बाजीरावांचा मुलगा बाळाजी याला, म्हणजे नानासाहेबाला मिळणार असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. पण नागपूरच्या रघूजी भोसल्यांच्या मनात वेगळं होतं. त्यांनी शाहू महाराजांकडं एक दुसरं नाव पुढं केलं, ते नाव होतं बाबूजी नाईक बारामतीकर. सावकाराचं कर्ज पेशव्यांच्या डोक्यावर होतं, तो दबावही होता. शाहू महाराजांनी ऐकलं नाही, वस्त्रं नानासाहेबांना दिली. नाहीतर मराठी राज्याचा कारभार बारामतीतून चालला असता. बारामतीचं आणि राज्याच्या राजकारणाचं नातं आजचं आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी १७४० हे साल लक्षात ठेवावं.

हा सावकार नुसता पैशाचा माणूस नव्हता. पन्हाळ्याला १७२९ मध्ये जन्मलेले मोरोपंत पराडकर, म्हणजेच कवी मोरोपंत, बाबूजी नाईकांच्या आश्रयानं बारामतीत राहिले. नाईकांच्या घरी पुराण सांगायचं, पोरांना शिकवायचं आणि उरलेला वेळ आर्या रचायच्या. 'आर्याभारत' आणि 'केकावली' लिहिणारा हा कवी १७९४ मध्ये बारामतीतच वारला.

आता वाड्यात जाऊन 'काय बघायचं' हा प्रश्न परत विचारून बघा. ज्या चौकात पेशव्यांच्या कर्जाचे आकडे मांडले गेले असतील आणि ज्या घराण्याच्या पदरी मोरोपंत पुराण सांगायला होते, त्या चौकात उभं राहायचं आहे. वस्तू नसली तरी जागा आहे. कऱ्हेकडची बाजू, दरवाज्याची उंची आणि तटाची जाडी बघितली की सावकाराला किल्ल्यासारखं घर का लागायचं हे लगेच कळतं. बँकेला लॉकर लागतो, तसंच.

इंदापूरची गढी

इंदापूरचं नाव भोसले घराण्याशी जोडलं गेलं ते मालोजीराजांमुळं. शिवाजी महाराजांचे आजोबा, वेरूळचे, अहमदनगरच्या निजामशाहीचे सरदार. इंदापूरच्या लढाईत ते पडले, असं इतिहास सांगतो. सालाबद्दल अभ्यासकांची मतं जुळत नाहीत, ठिकाणाबद्दल मात्र जुळतात. पुढं पुणे, सुपे, चाकण यांच्यासोबत इंदापूर हा परगणाही शहाजीराजांच्या जहागिरीत होता.

सुपे आज बारामती तालुक्यात आहे. शिवाजी महाराजांनी तरुणपणी आपल्या सावत्र मामांकडून, संभाजी मोहित्यांकडून, ताब्यात घेतलं ते हेच सुपे. म्हणजे जहागिरीच्या या बाजूला घरातल्याच माणसाशी हिशेब झाला होता.

या भागातली जी काही राजघराण्याची निशाणी आहे ती अशी आहे. लढाईच्या वाटेवरची, परगण्याचा वसूल गोळा करायची. इथं कुणी नाचरंगाचा महाल बांधायला थांबलं नाही. त्यामुळं गढीत आरसेमहाल शोधायला गेलात तर निराशा पक्की.

मग सामान गेलं कुठं?

कारणं तीन-चार आहेत.

पहिलं कारण लाकूड. मराठी वाड्याचं जोतं दगडाचं आणि वरचे मजले विटा-लाकडाचे. आग लागली की वरचं सगळं जातं. पुण्याच्या शनिवारवाड्याचं हेच झालं. १७३० साली पाया घातलेला तो वाडा १८२८ च्या फेब्रुवारीत पेटला आणि कित्येक दिवस जळत राहिला. राहिलं काय, तर तट, दिल्ली दरवाजा, जोती आणि बागेतलं कमळाच्या आकाराचं हजारी कारंजं. जे दगडाचं होतं तेवढंच. आज तिथं तिकीट काढून जो हिरवळीचा चौथरा बघायला मिळतो, तो एका वेळी पेशव्यांचा दिवाणखाना होता.

दुसरं कारण १८१८. पेशवाई संपली आणि पुण्याचा मुलूख थेट कंपनी सरकारकडं गेला. बारामती, इंदापूर हे त्या मुलखात. म्हणजे इथं पुढं कुणी 'राजेसाहेब' उरले नाहीत, ज्यांना वाडा सांभाळायला उत्पन्न आणि कारण दोन्ही असेल.

तिसरं कारण कचेरी. सरकारला ऑफिसला जागा पाहिजे आणि गावातली सगळ्यात मजबूत इमारत कोणती, तर जुना वाडा किंवा गढी. इंदापूरच्या गढीवर तहसील कचेरी होती. बारामतीच्या वाड्यातही बराच काळ सरकारी कचेऱ्या चालल्या. कचेरीनं इमारत वाचवली हे खरं, रोज माणसं येत-जात राहिली की वाडा पडत नाही. पण महिरपीत पार्टिशन आलं, चौकात पत्रा आला, भिंतीला डिस्टेंपर लागला. ज्या खोल्यांना नावं होती त्यांना टेबल नंबर मिळाले. तालुक्यातल्या जुन्या माणसांना विचारलं तर त्यांना गढी आठवते ती सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी मारलेल्या चकरांमुळं.

गेल्या काही वर्षांत चित्र थोडं बदलतंय. बारामतीत वाड्याच्या जतनाचं आणि कऱ्हाकाठाच्या सुशोभीकरणाचं काम हाती घेतलं गेलं, इंदापुरात गढीच्या संवर्धनाचा विषय पुढं आला. दगडी काम दुरुस्त करता येतं. सामान मात्र एकदा पांगलं की पांगलं.

हे फक्त आपल्याकडंच होतं असं नाही. फ्रान्सच्या व्हर्सायच्या राजवाड्याचे फोटो बघून लोक थक्क होतात, पण राज्यक्रांतीत १७९३-९४ मध्ये तिथल्या सामानाचा लिलाव झाला होता. सतरा हजारांहून जास्त लॉट विक्रीला निघाले. राजाच्या खुर्च्या युरोपभर गेल्या. १८३७ मध्ये तिथं संग्रहालय उघडलं, आणि तेव्हाचं फर्निचर जमेल तसं शोधून, विकत घेऊन परत आणायचं काम आजही चालू आहे. म्हणजे पर्यटक जे 'जसंच्या तसं' म्हणून बघतो ते बरंचसं परत जमवलेलं असतं.

जिथं राजे राहिले तिथं खोल्या राहिल्या

बारामतीहून नीरा ओलांडून तीसेक किलोमीटरवर फलटण. जिल्हा बदलतो, साताऱ्यात जातो, आणि इतिहासही बदलतो. फलटणच्या नाईक निंबाळकरांचं संस्थान इंग्रजी अमलात टिकलं आणि थेट ८ मार्च १९४८ ला मुंबई प्रांतात विलीन झालं. त्यामुळं फलटणला मुधोजी मनमोहन राजवाडा उभा आहे, शेजारी राममंदिर आहे. सिनेमा-मालिकांच्या शूटिंगमुळं हा राजवाडा लोकांनी न जाताच शंभर वेळा पाहिलेला असतो.

भोसल्यांशी फलटणचं नातं इतकं जुनं आहे की इंदापूरची गढी बघून फलटणला जाणं हाच खरा क्रम. मालोजीराजांच्या पत्नी उमाबाई फलटणच्या निंबाळकरांच्या. शिवाजी महाराजांच्या पत्नी सईबाई फलटणच्या. आणि महाराजांची मुलगी सखुबाई दिली तीही फलटणलाच.

पुणे जिल्ह्यातच बघायचं तर भोरला पंतसचिवांचा राजवाडा आहे, एकोणिसाव्या शतकातला. पुढच्या बाजूला गोऱ्या साहेबाची छाप, आत मराठी चौक आणि लाकडाचं काम. भोरही फलटणसोबत त्याच दिवशी विलीन झालं.

विलीनीकरणानंतर राजांना तनखे सुरू राहिले. १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीनं ते बंद झाले. मग एवढी मोठी घरं चालवायची कशी? कुणी हॉटेल केलं, कुणी शूटिंगला दिलं, कुणी एका भागात संग्रहालय काढलं, कुणी ट्रस्ट केला. आज महाराष्ट्रात ज्या खोल्या बघायला मिळतात त्यामागं बऱ्याच ठिकाणी हा हिशेब आहे. तिकिटाचे पैसे जास्त वाटले तर एवढ्या छपराची कौलं मोजून बघावीत.

कोल्हापूरचा न्यू पॅलेस

सगळ्यात भरलेला राजवाडा बघायचा तर कोल्हापूर. कोल्हापूरकरांच्या तोंडी 'नवा राजवाडा'. नवा का, तर महालक्ष्मी मंदिराजवळ जुना राजवाडा आहे म्हणून. बांधकाम १८७७ ते १८८४, काळ्या दगडात. आराखडा मेजर चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुरचनाकाराचा. कोल्हापूरचा टाऊन हॉलही त्याचाच, आणि बडोद्याचा लक्ष्मीविलास पॅलेसही त्यानंच आखलेला, पण मँट १८८१ मध्ये वारला. बडोद्याचं काम रॉबर्ट चिझम यानं पुढं नेलं.

बाहेरून बघताना मधला घड्याळाचा मनोरा आधी नजरेत भरतो. मग घुमट, कमानी, छत्र्या. थोडं मुसलमानी, थोडं राजस्थानी-गुजराती, थोडं युरोपी. तेव्हाच्या इंग्रज वास्तुरचनाकारांना हे मिश्रण म्हणजे 'भारतीय राजाला शोभेल असं' वाटायचं. इथल्या कुणा मराठी सूत्रधारानं बांधला असता तर तो असा दिसला नसता, हे शनिवारवाड्याच्या जोत्यावर उभं राहिल्यावर समजतं.

तळमजल्यावर शहाजी छत्रपती म्युझियम आहे. वरच्या मजल्यावर राजघराणं राहतं. ही गोष्ट लक्षात ठेवून वागलेलं बरं. आपण कुणाच्या तरी घराच्या खालच्या मजल्यावर फिरत असतो. आत फोटो काढू देत नाहीत, आणि एका अर्थी बरंच आहे, माणसं निदान बघतात तरी.

आत सरळ फिरत गेलं की तलवारी, पोशाख, हौदे, पेंढा भरलेले वाघ, आणि डोकं गरगरतं. त्यासाठी एक जुनी किल्ली वापरता येते. शिवकाळापासून राज्याचा संसार 'अठरा कारखान्यांत' वाटलेला असायचा. जामदारखाना म्हणजे दागिने-नाणी-कापड, शिलेखाना म्हणजे शस्त्रं, पीलखाना म्हणजे हत्ती, फरासखाना म्हणजे तंबू-गालिचे-बैठका, शिकारखाना, मुदपाकखाना, आणखी बरेच. राजवाड्यातलं संग्रहालय म्हणजे काचेत ठेवलेले हेच कारखाने. समोरची वस्तू कुठल्या खात्याची हे मनात ठरवलं की ती कोण वापरत होतं, कोण पुसत होतं, कोण मोजून ठेवत होतं हे दिसायला लागतं. चांदीचा हौदा एकटा नसतो, त्यामागं हत्ती, माहूत, चारा आणि मिरवणूक असते. (पुण्यातल्या फरासखाना पोलीस चौकीचं नाव याच खात्यावरून आलं आहे. तिथं गालिचे विचारायला जाऊ नये.)

पेंढा भरलेले प्राणी बघून हल्ली मुलं विचारतात की हे मारले का. मारले. तो काळ शिकारीचा होता आणि कोल्हापूरचे संस्थानिक चित्त्याकडून काळवीट धरायच्या शिकारीसाठी देशभर ओळखले जायचे. आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीवर बंदी आहे आणि अशा जुन्या वस्तू जवळ ठेवायलाही नोंद लागते. भारतातून चित्ता नाहीसा कसा झाला हे पुस्तकात वाचण्यापेक्षा या खोल्यांत जास्त समजतं.

शेवटी दरबार हॉल. दोन मजली उंच, कडेनं कमानी, आणि कमानींतल्या रंगीत काचांत शिवाजी महाराजांच्या आयुष्यातले प्रसंग. टोकाला उंचावर सिंहासन. सकाळी ऊन तिरपं असताना गेलं तर काचांचे रंग खुलतात. राज्य इंग्रजांच्या देखरेखीखाली, आराखडा इंग्रजाचा आणि काचेत मात्र शिवछत्रपती. १८८४ मध्येच दत्तक आलेले आणि १८९४ मध्ये गादीवर बसलेले शाहू महाराज याच राजवाड्यात राहिले.

बाहेर बाग, तळं आणि हरणांचा छोटा वाडा. लहान मुलांना सगळ्यात जास्त आवडतं ते हेच, आणि त्यांचं चुकत नाही.

बागेचं काय?

राजवाड्याची बाग म्हणजे पाण्याचं प्रदर्शन. फुलं नंतर. शनिवारवाड्यात कारंजी उडवायला नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून नळानं पाणी आणलं होतं. सावंतवाडीचा राजवाडा मोती तलावासमोर आहे.

बारामती-इंदापूर हा कमी पावसाचा पट्टा. इथल्या वाड्यात बाग म्हणजे विहिरीवर मोट आणि पाटाच्या पाण्यावर चार फुलझाडं, तुळस, केळ. १८८० च्या दशकात नीरा डावा कालवा आला आणि पाणी मिळालं ते शेताला. त्यामुळं या भागात 'बाग' म्हटलं की आजही माणसाच्या डोळ्यापुढं गुलाबाचा ताटवा येत नाही, द्राक्ष किंवा डाळिंब येतं.

औंध : ज्या राजानं स्वतःच संग्रहालय बांधलं

फलटणच्या पुढं खटाव तालुक्यात औंध आहे. संस्थान एवढंसं, पण शेवटचे राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. सूर्यनमस्काराचा प्रचार करणारे, १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्यानं प्रजेला राज्यकारभार सोपवणारे. त्यांनी १९३८ मध्ये यमाई देवीच्या डोंगरावर श्री भवानी संग्रहालय बांधलं. राजा रविवर्म्याची चित्रं, एम. व्ही. धुरंधरांची चित्रं, हस्तिदंती काम, आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं 'मदर अँड चाइल्ड'. लंडनमध्ये ज्याच्यासाठी रांगा लागतात त्याचं शिल्प साताऱ्याच्या माळावर.

बाकीच्या राजवाड्यांत राजा गेल्यावर उरलेल्या वस्तू काचेत ठेवल्या गेल्या. इथं राजानं जिवंतपणीच लोकांनी येऊन बघावं म्हणून वस्तू जमवल्या आणि त्यासाठी वेगळी इमारत बांधली. आता हे संग्रहालय सरकारकडं आहे.

सावंतवाडीत तिसराच प्रकार. तिथल्या राजघराण्यानं गंजिफाची, म्हणजे हातानं रंगवलेल्या गोल पत्त्यांची, मरायला टेकलेली कला राजवाड्यातच परत सुरू केली. दरबार हॉलमध्ये कारागीर बसून पत्ते रंगवताना दिसतात, आणि तिथंच विकत मिळतात.

जायचं असेल तर

बारामती-इंदापूरकडून एका दिवसाचा फेरा सहज होतो. सकाळी इंदापूरची गढी, मग बारामतीत कऱ्हाकाठचा वाडा, दुपारनंतर फलटण. राजवाडा खासगी मालकीचा असेल आणि त्या दिवशी शूटिंग असेल तर आत सोडत नाहीत, म्हणून आधी फोन करून विचारलेलं चांगलं. औंध आणि कोल्हापूर पुढच्या मुक्कामाचे.

गढीत जाताना एक जुना माणूस सोबत असला तर उत्तम. कोणता बुरूज पडला, विहीर कुठं होती, आतल्या कचेरीत तलाठी कुठं बसायचा, हे कुठल्याच पाटीवर लिहिलेलं नसतं. पायऱ्या, दरवाज्याची बिजागरं, भिंतीतले कोनाडे आणि दिवा ठेवून काळा पडलेला दगड बघावा. बुरुजावर नाव कोरणाऱ्या पोराला तिथंच थांबवावं. आणि घरात नाईकांच्या किंवा गढीच्या काळचा कागद, मोडीतलं दप्तर, जुना फोटो असेल तर तो रद्दीत जायच्या आधी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या ठिकाणी दाखवावा. १९१० पासून त्यांचं हेच काम आहे.